व्यायाम टिकत नाही? आधी खाड्यांचा हिशोब शिका

मी ४८ वर्षांची. राहते ठाण्यात पाचपाखाडीला, ऑफिस ऐरोलीला, सकाळी ट्रान्सहार्बर लोकल आणि संध्याकाळी परत ट्रान्सहार्बर. व्यायाम मी आयुष्यात सात वेळा सुरू केलाय आणि सहा वेळा सोडलाय, त्यातलं एकदा तर जिमची वर्षाची फी भरून अकराव्या दिवशी. आमच्या बेडरूममध्ये एक ट्रेडमिल होती, तिच्या डाव्या दांडीवर टॉवेल आणि उजव्या दांडीवर मिस्टरांचे बनियन वाळायचे, पावसाळ्यात तर ती घरातली सगळ्यात कामाची वस्तू होती.

सातव्यांदा सुरू केलं त्याला आता सव्वादोन वर्षं झाली आणि अजून चालू आहे. ऑफिसमधल्या, बिल्डिंगमधल्या बायका (आणि आता पुरुषसुद्धा, आडून आडून) विचारतात की बाई तू हे जमवलंस कसं, म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी डॉक्टर नाही आणि ट्रेनर तर मुळीच नाही, सहा वेळा आपटलेली बाई आहे एवढंच.

निमित्त काय झालं, एका संध्याकाळी ठाण्याला दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरून ब्रिज चढताना मला मध्येच थांबावं लागलं, दम लागला म्हणून. मागून एक कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, जरा बाजूला उभ्या राहा ना." काकू म्हटल्याचं वाईट नाही वाटलं, थांबावं लागलं त्याचं वाटलं. (खरं सांगायचं तर काकूचंही थोडं वाटलं.) त्याच महिन्यात ऑफिसच्या चेकअपमध्ये एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी टेस्ट) ६.१ आलं, म्हणजे डायबेटिस नाही पण उंबरठ्यावर. ५.७ ते ६.४ ला प्रीडायबेटिस म्हणतात.

आता मुद्द्याचं. सुरुवात करायला काही लागत नाही हो. १ जानेवारीला सकाळी कचराळी तलावावर जाऊन बघा, चालायला जागा नसते, आणि तिथेच १५ तारखेला या, निवांत. माणूस अडकतो तो पहिला खाडा पडल्यानंतरच्या दिवशी. म्हणून या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग खाड्याबद्दल आहे, व्यायाम कोणता करायचा ते त्यामानाने सोपंय.

१. बूट घ्यायच्या आधी रिपोर्ट काढा

विशीत आपण उठून पळत सुटायचो तसं आता नाही करायचं. आपल्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे जा आणि सरळ सांगा की मला व्यायाम सुरू करायचाय, काही अडचण आहे का बघा. जाताना हे सोबत न्या:

- मागच्या दोन-तीन वर्षांचे जे काही रिपोर्ट घरात सापडतील ते, कपाटावरच्या त्या एलआयसीच्या पिशवीत असतात बघा
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, नाव आणि किती मिलिग्रॅम, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा
- आईवडील, भावंडं यांच्यात कोणाला हार्टचा त्रास झाला असेल तर कितव्या वर्षी झाला
- गुडघा, कंबर, मान, जे काही जुनं दुखणं आहे ते एका कागदावर लिहून, कारण तिथे गेल्यावर आपण विसरतो

ते बीपी बघतील, साखर, एचबीए१सी, कोलेस्टेरॉल सांगतील, बायकांना बहुतेक हिमोग्लोबिन आणि थायरॉइड. माझं हिमोग्लोबिन साडेनऊ होतं, म्हणजे ब्रिजवर जो दम लागत होता त्यात अर्धा वाटा त्याचा होता आणि मी मात्र स्वतःला आळशी म्हणून शिव्या देत होते.

इथला सापळा म्हणजे ते ऐंशी-नव्वद टेस्टचं फुल बॉडी पॅकेज. जे डॉक्टर लिहून देतील तेवढंच करा, उरलेल्या सत्तर टेस्टमधली एखादी जरा इकडेतिकडे आली की आठवडाभर झोप जाते.

डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर चालायच्या आधी काय खायचं हे विचारल्याशिवाय सुरुवात करू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीवर किंवा इन्सुलिनवर उपाशीपोटी जोरात चाललं तर साखर खाली जाऊ शकते, घाम फुटतो, हात थरथरतात. खिशात चार खडीसाखरेचे खडे नाहीतर ग्लुकोजची पुडी ठेवा.

आणि चालताना छातीत दाब आला, किंवा जबडा, खांदा, पाठ दुखायला लागली आणि थांबल्यावर बरं वाटलं, तर ती अ‍ॅसिडिटी समजून जेलुसिल घेत बसू नका, सरळ डॉक्टर. बायकांमध्ये छातीबरोबर ही दुखणीही बऱ्याचदा असतात आणि आपण ती अंगावर काढतो.

२. वेळ शोधू नका, खुंटी शोधा

मी सहाही वेळा हीच चूक केली. पहाटे पाचचा अलार्म. आठवडाभर उठले, आठव्या दिवशी नाही उठले आणि मग दिवसभर तोंड पाडून बसले, संपला विषय. पाच वाजता उठायची सवय आणि व्यायामाची सवय ह्या दोन वेगळ्या सवयी आहेत, दोन्ही एकदम लावायला गेलं की दोन्ही जातात.

त्यापेक्षा तुमच्या दिवसात जी गोष्ट काहीही झालं तरी होतेच ती शोधा आणि तिच्या खुंटीला व्यायाम टांगा. दूध आणायला खाली जाता ना, मग तिथूनच पुढे. मुलाला क्लासला सोडता आणि तासभर गाडीत मोबाईल बघत बसता, तो तास. संध्याकाळी स्टेशनवर उतरून शेअर रिक्षाच्या लाईनीत पंधरा मिनिटं जातातच, त्यात घर अर्ध्यावर येतं चालत.

माझी खुंटी म्हणजे डबे. पावणेसातला दोन डबे भरून होतात, ते काही केल्या चुकत नाही. डब्याचं झाकण लागलं की मी बूट घालते आणि बाहेर पडते, ओटा न पुसता. हे 'ओटा न पुसता' फार महत्त्वाचं आहे. ओट्याला फडकं लावलं की मग बेसिनमधली दोन भांडी दिसतात, ती घासली की चहाचं पातेलं, मग मशीन लावून टाकू म्हणून कपडे, आणि साडेसात कधी वाजले कळत नाही. पहिला महिनाभर पिठाचे हात आणि सांडलेलं तेल तसंच टाकून दाराबाहेर पडताना माझा जीव वरखाली व्हायचा. आता नाही होत. परत येते तेव्हा ओटा तिथेच असतो, कोणी पळवून नेत नाही, दुर्दैवाने कोणी पुसूनही ठेवत नाही.

बूट रात्रीच दाराशी काढून ठेवा, मोजे बुटात कोंबून. सकाळी मोजा शोधावा लागला तर तेवढ्यात मन फिरतं.

३. पहिले दोन आठवडे दहा मिनिटं, अकरावं मिनिट चालायचं नाही

तुम्हाला जमत असलं तरी नाही. घड्याळ लावा, पाच मिनिटं जायचं, पाच मिनिटं यायचं, घरी. सगळे हसतील. माझे मिस्टर म्हणाले, "एवढ्यात आलीस? काही विसरलीस का?"

पंगतीत अजून दोन जिलब्या जातील असं वाटत असताना पान सोडलं की पोट बरं राहतं, तसंच आहे हे. रोज थोडं शिल्लक ठेवून घरी आलं की दुसऱ्या दिवशी पाय आपणहून निघतात. पहिल्या दिवशीच तासभर चाललात तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतात (व्यायामानंतरचं अंगदुखणं एक ते तीन दिवसांत चढतं, लगेच कळत नाही) आणि चौथ्या दिवशी तुम्ही घरी.

मग तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पंधरा, पुढे वीस, असं दर दोन आठवड्याला पाच मिनिटं वाढवत तीसपर्यंत न्या. म्हणजे दोन महिने लागतात. हो, लागतात. गेली पंधरा वर्षं काही केलं नाही तेव्हा घाई नव्हती.

आणि फेऱ्या मोजू नका, मिनिटं मोजा. फेऱ्या मोजायला लागलं की शेजारून जाणाऱ्या आजोबांशी मनातल्या मनात रेस लागते आणि ते जिंकतात.

४. सामान

विकत घ्यायचं ते थोडंच:

- चालायचे चांगले बूट. दुकानात संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. अंगठ्याच्या पुढे बोटभर जागा पाहिजे. दोन्ही पायांत घालून दुकानातच चार चकरा मारा, सेल्समन बघत असला तरी
- सुती मोजे तीन जोड
- रबरचा एक रेझिस्टन्स बँड, सगळ्यात हलका
- शिंप्याची टेप, घरात असेलच
- कालनिर्णय आणि त्याला बांधलेलं पेन, हे कशाला ते पुढे सांगते

घ्यायचं नाही ते म्हणजे ट्रेडमिल, सायकलचं मशीन, पोट हलवणारा पट्टा, प्रोटीनचा डबा. स्मार्टवॉच आधीपासून असेल तर वापरा, मुद्दाम घेऊ नका निदान सहा महिने. आणि जुन्या कॅनव्हासच्या बुटांवर भागवू नका, बुटांचं कुशनही ५०० ते ८०० किलोमीटरमध्ये बसतं, वरून नवीन दिसले तरी.

५. नुसतं चालून भागत नाही

हे मला सगळ्यात उशिरा कळलं म्हणून जरा जास्त लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलंय ते असं की मोठ्या माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस, आणि त्याशिवाय आठवड्यातून दोन दिवस तरी स्नायूंना ताकद येईल असं काहीतरी. पहिलं सगळे ऐकतात, दुसरं कानाआड करतात. १५० मिनिटं म्हणजे रोज अर्धा तास, आठवड्याचे पाच दिवस, दोन दिवस सुट्टी धरून.

मध्यम जोर म्हणजे किती, त्याला घड्याळ नको. चालता चालता बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तो मध्यम. आरामात 'केशवा माधवा' होतंय तर वेग वाढवा, चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय तर कमी करा. आमच्या सोसायटीतला मैत्रिणींचा ग्रुप चालताना सुनांबद्दल अखंड बोलतो, तो व्यायामात धरता येणार नाही.

१०,००० पावलांचं पण डोक्यातून काढा. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही, १९६५ च्या सुमारास जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला काढलं त्याचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं, तिथून ते जगभर झालं. त्यापेक्षा कमी पावलांनीही फायदा होतो, आणि रात्री साडेदहाला ९,४०० झाली म्हणून हॉलमध्ये गोल गोल फिरायची गरज नाही (मी फिरलेय).

आता ताकदीचं. तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू आपोआप कमी होत जातात, साठीनंतर तो वेग आणखी वाढतो. बायकांचं पाळी जायच्या आसपास इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं तशी हाडंही झिजायला लागतात. जेवणातली साखर जिरवायचं मोठं काम हे स्नायूच करतात, त्यामुळे साखरेच्या उंबरठ्यावर असलेल्यांना तर हे चालण्याइतकंच लागतं. 'वजन उचललं की बाई पुरुषासारखी दिसते' वगैरे काही होत नाही, आयुष्यभर गहू-तांदळाच्या पिशव्या उचलल्या तेव्हा झालं का तसं?

मी मंगळवार आणि शुक्रवार हे करते, वीस मिनिटं, घरातच:

- खुर्चीवर बसणं-उठणं, हात न टेकता, १० वेळा. डायनिंगची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, सोफा नको, फार खोल असतो. बसताना धपकन पडायचं नाही, तीन मोजत खाली जायचं, खरा व्यायाम तिथेच आहे
- भिंतीवरचे दंड, भिंतीपासून हातभर लांब उभं राहून, १० वेळा. महिन्याभरात ते सोपे झाले की ओट्याच्या कडेवर
- पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली, कठडा धरून, १२ वेळा
- बँड दाराच्या कडीला अडकवून मागे ओढणं, १० वेळा, दिवसभर कॉम्प्युटरसमोर वाकलेल्या खांद्यांसाठी
- दोन हातात दोन पिशव्या, प्रत्येकी तीन-चार किलोच्या, घेऊन घरातल्या घरात चकरा
- एका पायावर उभं राहणं, दात घासताना, म्हणजे वेगळा वेळ लागत नाही

हे सगळं दोनदा. शेवटची दोन जरा जड जायला हवीत, ती जड जात नसतील तर आकडा वाढवा. जोर लावताना श्वास रोखू नका, बीपी असेल तर विशेष सांभाळा, मोठ्याने आकडे मोजलेत की श्वास आपोआप चालू राहतो. स्नायूला ओढ लागणं चालेल, सांध्यात टोचणं चालणार नाही, तिथे थांबायचं.

योगासनं, सूर्यनमस्कार करत असाल तर उत्तमच, फक्त पहिल्याच दिवशी बारा घालू नका, दोनाने सुरू करा. गुडघे कुरकुरत असतील तर ते मागे पाय टाकण्याचं जपून.

६. कुठे चालायचं

घरापासून जितकं जवळ तितकं टिकतं, बाकी सगळं दुय्यम. मी कचराळीला जाते कारण ते चार मिनिटांवर आहे.

तलावपाळी सकाळी छान, संध्याकाळी मात्र भेळ, बोटिंग, पोरंबाळं, तिथे वेग पकडताच येत नाही. उपवनला मोकळं वाटतं. येऊर म्हणजे चढ आणि झाडी, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे, बिबटे खरोखरचे आहेत, अंधारात आणि एकट्याने नको, आणि पहिल्या तीन महिन्यांत तर नकोच, कारण चढ दिसतो त्यापेक्षा जास्त आहे. कोलशेतकडे राहत असाल तर सेंट्रल पार्क. घोडबंदरच्या सर्व्हिस रोडवर चालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, पण धूळ आणि उलट दिशेने येणाऱ्या बाईकवाल्यांपेक्षा सोसायटीच्या पोडियमवरच्या कंटाळवाण्या चकरा बऱ्या.

नवी मुंबईवाले नशीबवान, वाशीचं सागर विहार, नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई, खारघरचं सेंट्रल पार्क. आमच्या ऑफिसमधले दोघंतिघं लंच टाइममध्ये वीस मिनिटं बिल्डिंगभोवती फिरतात, ऊन असतं पण खुंटी पक्की आहे त्यांची.

७. जिमच लावायची असेल तर

लावा, काही लोकांना पैसे भरल्याशिवाय हलवत नाही. पण वर्षाची फी एकदम भरू नका. 'आज भरलं तर निम्म्यात' हे ते उद्याही म्हणणार आहेत आणि परवाही. मी भरली ती जिम मी सोडल्यावर पाच महिन्यांनी बंदच झाली, शटरवर साधी चिठ्ठीसुद्धा नाही, म्हणजे मी शिस्तीने गेले असते तरी पैसे बुडालेच असते, असं मी स्वतःला समजावते. महिन्याचे जास्त पडले तरी महिन्याचेच भरा, तीन महिने टिकलात की मग बघू.

ट्रेनरने पहिल्या दिवशी वय, बीपी, जुनी दुखणी विचारली नाहीत आणि सरळ उड्या मारायला लावल्या तर पिशवी उचला आणि निघा.

८. पावसाचा प्लॅन मे महिन्यातच

माझे सहापैकी तीन प्रयत्न जूनमध्ये वाहून गेलेत. ज्या शहरात महापालिका भर पावसात वर्षा मॅरेथॉन भरवते तिथे मी रिमझिम बघून परत वर यायचे.

पहिला पाऊस पडल्यावर विचार करत बसायचं नाही, आधीच ठरवून ठेवायचं की पाऊस असला की काय. माझं ठरलंय, खाली उतरल्यावर छत्री लागली तर वर यायचं आणि जिना. आमची सात मजली आहे. चढायचं पायी, उतरायचं लिफ्टने, कारण उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो. पहिल्यांदा तीन मजले एकदा, एवढंच. वॉचमनला वाटायचं लिफ्टमध्ये माझं काहीतरी हरवलंय. जिन्यात पावसाच्या चपलांचं पाणी असतं, बूट घालूनच चढा, स्लिपरवर नाही.

आणि पाऊस संपतोय तोवर गणपती, मग नवरात्र, मग दिवाळी. ऑगस्ट ते नोव्हेंबर ही खरी परीक्षा. त्यासाठी पुढचं वाचा.

९. खाडा पडल्यावर काय करायचं (हा भाग सोडू नका)

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास आहे, ९६ जणांनी एकेक नवी सवय लावायला घेतली आणि ती अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते पाहिलं. सरासरी निघाली ६६ दिवस, पण कोणाला १८ आणि कोणाला अंदाजे २५४. म्हणजे ते '२१ दिवसात सवय' वगैरे विसरा. त्यात अजून एक निघालं जे मला आधी कळलं असतं तर चार वर्षं वाचली असती, की मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर म्हणावा असा फरक पडत नाही.

आपण मात्र एक दिवस चुकला की उपास मोडल्यासारखं करतो. चुकून साबुदाण्यात मोहरी पडली, आता दुपारी मटणच खाऊ.

माझी पद्धत सांगते. घरात कालनिर्णयवर दूधवाल्याचे खाडे लिहितो ना आपण, तारखेच्या चौकोनात? आलेले दिवस कोणी लिहीत नाही, न आलेले लिहितो. कामवाल्या मावशींच्याही महिन्याच्या सुट्ट्या ठरलेल्या असतात आणि त्या घेतल्या म्हणून आपण त्यांना कामावरून काढत नाही. तसंच स्वतःचं करायचं. महिन्याला चार खाडे हक्काचे, आठवड्याच्या दोन सुट्ट्यांशिवाय. खाडा पडला की चौकोनात 'ख' लिहायचा, कारण लिहायचं नाही. 'ख - डोकं दुखत होतं', 'ख - पाहुणे' असं लिहायला लागलात की तुम्ही स्वतःलाच रजेचा अर्ज करताय.

नियम असे:

एक दिवस चुकला, काहीच करायचं नाही, 'ख' लिहा आणि उद्या जा.

लागोपाठ दोन चुकले तर तिसऱ्या दिवशी बूट घालून नुसतं गेटपर्यंत जाऊन यायचं. पाच मिनिटं. ते धरायचं, 'ख' नाही लिहायचा.

आठवडा गेला तर आधीच्या निम्म्या मिनिटांपासून परत.

महिना गेला तर दहा मिनिटांपासून, मुद्दा ३ पुन्हा वाचा, लाज वाटून घेऊ नका.

तापातून उठलात, डेंग्यू-चिकनगुनिया झाला असेल तर डॉक्टर म्हणतील तेव्हाच, आपल्या मनाने नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, भरपाई करायची नाही. मी केली होती. मार्च एंडिंगमुळे आठ दिवस गेले म्हणून एका रविवारी एकदम येऊर, वर आणि खाली, पावणेतीन तास, आणि वर मामलेदारची मिसळ. त्या दिवशी फार अभिमान वाटला. सोमवारी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला आणि टाचेत सुई घुसल्यासारखं झालं, दहा-बारा पावलं टाकल्यावर जरा कमी, बसून उठलं की परत. प्लांटर फॅसायटिस, तळपायाच्या पट्ट्याला सूज. थंड पाण्याची बाटली पायाखाली फिरवणं, पोटरीचं स्ट्रेचिंग, घरातही चप्पल, आणि सहा आठवडे चालणं बंद. म्हणजे आठ खाडे भरून काढायला गेले आणि बेचाळीस पडले. पण त्या सहा आठवड्यांत मी खुर्चीवरचे, बँडचे प्रकार चालू ठेवले त्याच वेळी, डबे भरल्यावर. खुंटी रिकामी ठेवली नाही, म्हणून सातवा प्रयत्न वाचला.

१०. घरचे

सासूबाई पहिल्या आठवड्यात म्हणाल्या, "अगं, दिवसभर घरात काय कमी पायपीट होते का तुझी?" त्यांचंही अगदी खोटं नाही, लादी पुसणं, कपडे वाळत घालणं ही हालचालच आहे आणि बसून राहण्यापेक्षा कधीही चांगली. पण त्यात सलग दहा मिनिटं दम लागत नाही आणि त्यात डोकंही घरातच राहतं. मी वाद घातला नाही, म्हटलं "आई, तुम्ही येता का?" आता त्या आठवड्यातून तीनदा येतात, कट्ट्यावर बसतात आणि मी समोरून गेले की किती वेळ झाला ते ओरडून सांगतात.

सोबत असली की बरं असतं पण सोबतीवर अवलंबून राहू नका. मैत्रीण आली नाही म्हणून मी नाही, मी नाही म्हणून ती नाही, असे दोघींचे खाडे पडतात.

११. मोजायचं काय

वजनकाटा रोज नको. माझं सव्वादोन वर्षांत फक्त अडीच किलो उतरलं, त्यावर गेले असते तर कधीच सोडलं असतं. शिंप्याची टेप घ्या आणि कंबर मोजा, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता. आपल्याकडे बायकांना ८० सेंटीमीटर आणि पुरुषांना ९० च्या आत पाहिजे. माझी ९३ होती, आता ८७ आहे, म्हणजे अजून जायचंय. महिन्यातून एकदाच मोजा, एक तारखेला.

एचबीए१सी तीन महिन्यांच्या आत परत करू नका, त्यात मागच्या दोन-तीन महिन्यांचीच सरासरी दिसते. माझं वर्षाने ५.८ आलं. खाण्यातही थोडं बदललं होतं, सगळं श्रेय चालण्याला देत नाही.

आणि महिन्याच्या शेवटी 'ख' मोजा. माझे जूनमध्ये तीन, जुलैमध्ये सात (पोराची परीक्षा आणि मला सर्दी). ह्या महिन्यात आतापर्यंत एक. गणपतीला देवरुखजवळ गावी जायचंय पाच दिवस, चार 'ख' मी आत्ताच पेनाने लिहून टाकलेत. पाचव्याचं काय करायचं ते बघू, घराच्या मागून देवळापर्यंत चांगली चढाची वाट आहे. बूट बॅगेत मोदकाच्या साच्याशेजारी घातलेत, मिस्टरांनी काल बॅग उघडली तेव्हा विचारलंसुद्धा, "हे कोणाचे?"